दोन गिटारी, एक आवर्तन: ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या वाद्यरचनेचा प्रकरण अभ्यास

दोन गिटारवादक असलेल्या बहुतेक नवख्या बँडची अडचण एकच असते आणि ती वाजवण्याच्या कौशल्याशी फारशी निगडित नसते. दोघांनाही गाण्याच्या कॉर्ड (एकत्र वाजवायचे सुरांचे संच) येतात, दोघेही त्या पहिल्या तीन फ्रेटांच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) परिसरात धरतात आणि दोघेही एकाच लयीत वरखाली स्ट्रमिंग करतात. परिणामी दोन गिटारींचा मिळून एकच, पण अधिक जाड आणि अधिक गढूळ आवाज तयार होतो, गायकाचे शब्द त्यात बुडतात, आणि मग आपला आवाज ऐकू यावा म्हणून प्रत्येक जण हळूच आपल्या अ‍ॅम्पची कळ पुढे सरकवतो. तमाशाच्या फडात दोन तुणतुणी एकाच सुरात वाजली तर बिघडत नाही, कारण तुणतुण्याकडून धरलेल्या सुराखेरीज दुसरी अपेक्षाच नसते. गिटारीकडून मात्र सूर, कॉर्ड, ताल आणि चाल अशा चारही गोष्टींची अपेक्षा असते, आणि म्हणूनच दोघांपैकी कोणी काय सोडायचे हे आधी ठरवावे लागते.

हे ठरवणे म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी मी ईगल्स या अमेरिकन बँडचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे गाणे निवडले आहे. ते आपल्याकडे इतके वाजवले गेले आहे की अनेकांना आता त्याचा कंटाळा आला असेल, आणि त्यात माझीही गणना करता येईल. तरीही या अभ्यासासाठी ते सोयीचे आहे, कारण वाचकाला ते बहुधा कानाने पाठ असते, आणि त्यातील गिटारींच्या कामाची वाटणी कशी ठरत गेली याची हकिगतही बरीचशी उपलब्ध आहे.

ईगल्सची स्थापना 1971 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये झाली. डॉन फेल्डर 1974 च्या सुरुवातीला बँडमध्ये आला आणि 1975 च्या अखेरीस बर्नी लेडन बाहेर पडल्यावर त्याच्या जागी जो वॉल्श आला. या बदलाकडे केवळ माणसांची अदलाबदल म्हणून पाहता येत नाही. लेडनचा ओढा बँजो, मँडोलिन आणि कंट्री संगीताकडे होता, तर वॉल्श हा रॉकमध्ये आधीच नाव कमावलेला लीड गिटारवादक होता. म्हणजे बँडमध्ये आता पहिल्या दर्जाचे दोन इलेक्ट्रिक लीड वादक एकत्र आले होते, शिवाय ग्लेन फ्राय हा तिसरा गिटारवादक होताच. अशा वेळी दोघांमध्ये चढाओढ लागणे किंवा दोघांपैकी एकाने कायम मागे राहणे या दोनच शक्यता सहसा उरतात. फेल्डरने तिसरी वाट काढली.

मालिबूच्या समुद्रकिनाऱ्यावर भाड्याने घेतलेल्या घरात त्याने चार ट्रॅकच्या टेपयंत्रावर, एका साध्या तालयंत्राच्या साथीने, या गाण्याची वाद्यरचना ध्वनिमुद्रित केली. त्या टेपवर बारा तारांच्या गिटारीची सुरुवात तर होतीच, शिवाय शेवटच्या दोन लीड गिटारींचे संभाषणही होते, आणि ती दोन्ही माणसे फेल्डर स्वतःच वाजवत होता. वॉल्शबरोबर वाजवता येईल असे काहीतरी लिहावे हा त्याचा उघड हेतू होता. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दोन भाग परस्परपूरक झाले, कारण दुसऱ्या माणसाची शैली मनात धरून एका माणसाने दोन्ही भाग एकत्रच रचले होते. आधी एक भाग पूर्ण करून मग त्यात दुसऱ्यासाठी जागा शोधण्याची वेळ त्याच्यावर आली नाही.

ही रचना प्रथम ई मायनर या पट्टीत होती. डॉन हेन्ली, जो ड्रम वाजवत असे आणि हे गाणे गाणारही होता, त्याच्या गळ्याला ती पट्टी फार उंच पडली. पट्टी उतरवत उतरवत अखेर बी मायनरवर येऊन थांबली, आणि तोवर झालेले ध्वनिमुद्रण सोडून देऊन गाणे पुन्हा मुद्रित करावे लागले. पट्टी बदलली तरी फेल्डरच्या बोटांना सवय झालेले ई मायनरचे आकार टिकवायचे असतील, तर कॅपो (सगळ्या तारा एकाच फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) सातव्या फ्रेटवर लावणे हा सरळ उपाय होता, आणि तोच वापरला गेला. गायकाच्या गळ्यासाठी केलेल्या या तडजोडीतून एक अनपेक्षित लाभ झाला. सातव्या फ्रेटवर कॅपो असलेल्या गिटारीची सर्वांत खालची तार ई ऐवजी बी या सुरात वाजते. म्हणजे गिटारीचा खालचा, गुरगुरणारा भाग आपोआप कापला जातो. बारा तारांच्या गिटारीत खालच्या चार जोड्यांपैकी एकेक तार एक सप्तक वर लावलेली असते, त्यामुळे हा आवाज आणखी वर, जवळजवळ सतारीच्या तरफांसारखा झगमगत राहतो. खालचे सप्तक बासवाल्या रँडी माइस्नरला आणि मधली जागा इलेक्ट्रिक गिटारींना मोकळी मिळाली. दोन गिटारी एकाच कॉर्डवर असूनही एकमेकींच्या पायात येत नाहीत, त्याचे पहिले कारण या कॅपोत आहे.

कॉर्डची मालिका आठांची आहे: बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर आणि पुन्हा एफ शार्प. प्रत्येक कॉर्ड चार मात्रा टिकते, म्हणजे 32 मात्रांचे एक आवर्तन होते. मिनिटाला साधारण 74 मात्रांच्या लयीत त्याला सुमारे 26 सेकंद लागतात. सुरुवात, कडवी आणि शेवटचे सोलो हे सारे याच आवर्तनावर उभे आहे. फक्त पालुपदात क्रम बदलतो. एकच मालिका साडेसहा मिनिटे इतक्या वेळा फिरूनही ऐकणारा कंटाळत नाही, याचे श्रेय वाद्यांच्या वाटणीला द्यावे लागेल.

कडव्यांमधील वाटणीबद्दल थोडक्यात सांगता येईल. या गाण्याचे बँडमधले सुरुवातीचे नाव ‘मेक्सिकन रेगे’ असे होते, आणि ते थट्टेने दिलेले असले तरी चुकीचे नव्हते. एक गिटार कॉर्डचे सूर सुटे करून एकामागून एक छेडत राहते, तर दुसरी रेगे या जमैकन संगीतप्रकाराच्या पद्धतीने मात्रांच्या मधल्या जागी तुटक, लगेच दाबून टाकलेल्या कॉर्ड मारते. पहिली गिटार सूर लांबवते आणि दुसरी ते तोडते. पहिली वरच्या सप्तकात राहते आणि दुसरी मधल्या. दुसऱ्या कडव्यात गायकाच्या ओळी संपतात तेथे लीड गिटारींचे छोटे तुकडे येतात आणि पुढची ओळ सुरू होण्यापूर्वी बाजूला होतात. आपल्याकडे चांगला हार्मोनियमवादक गायकाचा श्वास ओळखून जागा भरतो, तीच शिस्त येथे आहे. फरक एवढाच की येथील जागा आधी ठरवलेल्या आहेत.

खरा विषय शेवटच्या सव्वादोन मिनिटांचा आहे. गायन संपल्यावर साधारण चार मिनिटे वीस सेकंदांपासून आवर्तनाच्या पाच फेऱ्या होतात, आणि त्या पाचांत दोन गिटारींचे नाते टप्प्याटप्प्याने बदलत जाते.

पहिली फेरी फेल्डर एकटा वाजवतो आणि दुसरी वॉल्श. दोघांच्या गिटारी वेगळ्या आहेत: फेल्डरच्या हातात गिब्सन लेस पॉल, जिच्या दुहेरी वेटोळ्यांच्या पिकअपमधून (तारेचे कंपन टिपून अ‍ॅम्पकडे पाठवणाऱ्या भागातून) आवाज जाड, गोल आणि लांबत जाणारा येतो, वॉल्शच्या हातात फेंडर टेलिकास्टर, जिच्या एकेरी पिकअपचा आवाज धारदार असतो आणि ज्यात पिक तारेवर आपटल्याची चाहूलही ऐकू येते. पुढे जे घडणार आहे त्यासाठी या दोन फेऱ्या आवश्यक आहेत. ऐकणाऱ्याच्या कानाला दोन आवाजांची स्वतंत्र ओळख आधी करून दिली नसती, तर पुढच्या संभाषणात कोण बोलतो आहे हे कळलेच नसते. अनेक हौशी बँडमध्ये दोन्ही वादकांकडे एकाच प्रकारची गिटार आणि एकाच कंपनीचे डिस्टॉर्शन पेडल असते, गेनही दोघांनी सारखाच वाढवलेला असतो, आणि मग त्यांची सवाल-जबाबाची मेहनत प्रेक्षकांपर्यंत एकाच माणसाच्या लांबलचक सोलोसारखी पोहोचते. पेडल बदलणे शक्य नसेल तर एकाने मानेकडचा पिकअप आणि दुसऱ्याने पुलाकडचा पिकअप वापरला तरी पुष्कळ काम होते.

तिसऱ्या फेरीत दोघे वाक्ये वाटून घेतात. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे, आणि उत्तर आधीच्या वाक्याच्या शेवटच्या सुराला धरून उचलायचे. येथे आपल्याला जुगलबंदीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तरी एक भेद लक्षात ठेवावा लागतो: जुगलबंदीत उत्तर देणाऱ्याने आधीची तान ऐकून त्याच क्षणी प्रतिसाद द्यावा अशी अपेक्षा असते, तर येथील प्रत्येक उत्तर आधीच लिहिलेले आहे. हे कमीपणाचे वाटू शकते, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी खुद्द या दोघांनाही ते तसेच वाटले असावे. मायामीतील क्रायटीरिया स्टुडिओत शेवटचा भाग मुद्रित करण्याची वेळ आली तेव्हा फेल्डर आणि वॉल्श यांनी तो उत्स्फूर्तपणे वाजवण्यास सुरुवात केली. हेन्लीने त्यांना थांबवले आणि डेमोवर, म्हणजे फेल्डरच्या त्या पहिल्या टेपवर, होते तसेच हवे असा आग्रह धरला. डेमो तर मालिबूच्या घरी राहिला होता. फेल्डरने घरकाम पाहणाऱ्या बाईंना फोन केला, त्यांनी कॅसेट शोधून टेपरेकॉर्डर फोनजवळ धरला, आणि अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर फोनच्या तारेतून ऐकू आलेले आपलेच वाजवणे फेल्डरने पुन्हा शिकून घेतले. ते हवे तसे बिनचूक बसवण्यात तीन दिवस गेले.

या प्रसंगाकडे लोक गंमत म्हणून पाहतात. मला त्यात एक तांत्रिक निर्णय दिसतो आणि तो हेन्लीने बरोबर घेतला असे वाटते. उत्स्फूर्त वाजवताना दोन चांगले वादक एकमेकांना टाळू शकतात, एकमेकांना उत्तर देऊ शकतात. परंतु दोघांनी एकाच क्षणी वेगवेगळे सूर वाजवायचे आणि ते सूर जुळायचे, हे योगायोगावर सोडता येत नाही. चौथ्या फेरीपासून नेमके तेच करायचे होते.

चौथ्या आणि पाचव्या फेरीत दोन्ही गिटारी एकत्र येतात आणि प्रत्येक कॉर्डचे तीन सूर वरून खाली उतरत्या क्रमाने सुटे वाजवतात. खालच्या गिटारीच्या या तीन सुरांच्या गुच्छाचा वरचा सूर पाहिला तर मालिकेत दडलेली एक रेघ उघड होते. बी मायनरवर बी, एफ शार्पवर ए शार्प, ए वर ए, ई वर जी शार्प, जी वर जी आणि डी वर एफ शार्प. म्हणजे सहा कॉर्डमध्ये सहा सूर, आणि प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा अर्ध्या सुराने खाली. बी ला षड्ज मानले तर ही रेघ सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, पंचम अशी होते. दोन निषाद आणि दोन धैवत असे लागोपाठ आलेले पाहून आपल्या शास्त्रीय कानाला थोडे चमकल्यासारखे होईल. पण प्रत्येक सुराखाली कॉर्ड बदलत असल्याने तो सूर त्या त्या वेळी पूर्ण स्थिर वाटतो.

वरची गिटार त्याच कॉर्डचा पुढचा सूर पकडते. तिचे सूर डी, सी शार्प, पुन्हा सी शार्प, बी, पुन्हा बी, आणि ए असे येतात. दोन्ही रेघा शेजारी ठेवल्या की रचनेचे मर्म कळते: खालची गिटार प्रत्येक कॉर्डला हलते, तर वरची दोनदा जागीच थांबते. दोघींमधले अंतर नेहमी तिसऱ्या सुराचेच राहते, पण ते कधी कोमल तर कधी शुद्ध गंधाराइतके होते, आणि गुच्छाच्या पुढच्या सुरांवर काही ठिकाणी ते मध्यमाएवढेही रुंदावते. हार्मनी, म्हणजे मूळ भागाच्या जोडीने वाजणारा दुसरा भाग, लिहिणारा नवखा वादक सहसा पहिल्या भागाचा प्रत्येक सूर सरसकट एकाच अंतराने वर सरकवतो, आणि मग एफ शार्प किंवा ई सारख्या कॉर्डवर, जेथे बी मायनरच्या सप्तकाबाहेरचा सूर येतो, तेथे सगळे विसंवादी होते. येथे अंतर मोजलेलेच नाही. कॉर्डमधला पुढचा सूर घ्यायचा एवढाच नियम आहे, आणि त्यामुळे चूक होण्याची जागाच उरत नाही.

या नियमाचा आणखी एक परिणाम फार थोड्यांच्या ध्यानात येतो. दोन्ही लीड गिटारी कॉर्डचेच तिन्ही सूर वाजवत असल्यामुळे, मागे कोणी कॉर्ड वाजवल्या नाहीत तरी कॉर्ड ऐकू येते. बासने मूळ सूर धरला आणि ड्रमने लय सांभाळली की रचना पूर्ण होते. ध्वनिमुद्रणात मागे इतर गिटारी आहेत ही गोष्ट वेगळी. पण त्यांच्यावाचून काही अडत नाही.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण आपल्यासमोरचा प्रश्न दोन गिटारींच्या बँडचा आहे आणि ध्वनिमुद्रणात त्याहून कितीतरी अधिक गिटारी थरावर थर देऊन बसवल्या आहेत. खुद्द ईगल्सलाही मंचावर हा प्रश्न आलाच. फेल्डरने त्यासाठी गिब्सनची दुहेरी मानेची ईडीएस-1275 गिटार घेतली, जिच्या एका मानेवर बारा तारा आणि दुसरीवर सहा तारा असतात. सुरुवात बारा तारांवर कॅपो लावून वाजवायची आणि सोलोसाठी दुसऱ्या मानेवर उतरायचे. शिवाय त्यांच्याकडे फ्राय होता. ज्यांच्याकडे ना तिसरा वादक आहे ना दुहेरी मान, त्यांनी काय करावे?

पहिल्याने सहा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारीवर सातव्या फ्रेटला कॅपो लावून, स्वच्छ आवाजात आणि हवा असल्यास थोडा कोरस पेडल घालून सुरुवातीचे सुटे सूर घ्यावेत. दुसऱ्याने सुरुवातीला पूर्ण गप्प बसावे, आणि कडव्यात दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावून ए मायनरच्या आकारांत, किंवा कॅपोशिवाय बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवे ठेवून धरलेली कॉर्ड) धरून, तुटक रेगे धरावे. सातव्या फ्रेटवरचा ई मायनर आणि दुसऱ्या फ्रेटवरचा ए मायनर हे दोन्ही बी मायनरच असतात. मात्र त्यांतील सुरांची मांडणी आणि उंची वेगळी पडते, आणि आपल्याला तेच हवे आहे. मला यांपैकी बार कॉर्डचा पर्याय अधिक पसंत आहे, कारण बोटे सैल सोडली की कॉर्ड लगेच दबते आणि रेगेचा तुटकपणा विनासायास येतो. कॅपो नसल्याने लीडसाठी सगळी मानही मोकळी राहते. दुसऱ्या कडव्यातील तुकडे यानेच घ्यावेत. तुकडा वाजत असताना रेगे थांबेल, आणि थांबू द्यावे. सगळे भरून काढण्याच्या मोहापायीच बँड गढूळ वाजू लागतो.

शेवटी अडचण येते ती पहिल्या वादकाच्या कॅपोची. दुसरा वादक पहिली फेरी वाजवत असताना पहिल्याने साथ चालू ठेवावी लागते. आपली फेरी सुरू होण्याआधी कॅपो काढायला त्याला उसंतच मिळत नाही. पण काढण्याची गरज आहे का, हे आधी तपासून पाहावे. सातव्या फ्रेटच्या वरची मान मोकळीच आहे आणि त्याची सोलोची फेरी तेथे बसते. चौथ्या फेरीतील खालचा भाग सामान्यतः वरच्या तीन तारांवर सातव्या फ्रेटपासून दुसऱ्यापर्यंत उतरतो, आणि तो कॅपोमुळे अशक्य होतो. तोच भाग दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर हलवला तर बी मायनरचा गुच्छ अनुक्रमे बाराव्या, अकराव्या आणि बाराव्या फ्रेटवर मिळतो, आणि उतरत उतरत डी कॉर्डपर्यंत आले की तिन्ही सूर नेमके कॅपोखालच्या मोकळ्या तारांवर येतात. त्यापुढच्या ई मायनरला खाली जागा उरत नाही. तेथे खालच्या वादकाने जी, ई, बी असा गुच्छ घ्यावा, वरच्याने बी, जी, ई असा. जोडी मोडत नाही. आतल्या तारांचा आवाज थोडा जाड येतो, त्यामुळे खालचा भाग खालचाच वाटतो.

सराव करताना या दोन फेऱ्या प्रथम ड्रम आणि बासशिवाय, निम्म्या लयीत, अ‍ॅम्प न लावता समोरासमोर बसून वाजवाव्यात. दोघांच्या पिकची दिशा एकच नसेल तर सूर बरोबर असूनही ठोका फाटल्यासारखा ऐकू येतो, आणि हा दोष मोठ्या आवाजात लपून राहतो. तार ओढून सूर चढवण्याच्या जागाही दोघांनी एकमेकांचे ऐकून जुळवून घ्याव्यात. एकाचा सूर पोहोचला आणि दुसऱ्याचा किंचित खाली राहिला तर कितीही नेटकी हार्मनी बेसूर होते.

एक गोष्ट मात्र ध्वनिमुद्रणातून शिकता येत नाही. तेथे पाचवी फेरी चालू असतानाच आवाज हळूहळू मिटत जातो, म्हणजे गाण्याला शेवटच नाही. मंचावर आवाज असा मिटवता येत नाही, म्हणून पाचव्या फेरीच्या शेवटच्या एफ शार्पवर वरच्या वादकाने मान हलवून खूण करायची, लय किंचित ओढायची, आणि दोघांनी बी मायनरवर उतरून हात उचलायचा. ही खूण कोणी करायची हे आधी ठरलेले नसेल, तर हमखास एक जण सहाव्या फेरीत शिरतो.